यादीत न सांगितलेलं घर

व्हिक्टोरियन लंडनच्या एका दाटीवाटीच्या वस्तीत देवीची साथ कशी आटोक्यात आणली, हा माझ्या पीएचडीचा विषय. परदेशातल्या माझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात बसून मी तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याचे अहवाल मायक्रोफिल्मवर वाचायचे. एका घरमालकिणीनं आजारी भाडेकरू निरीक्षकापासून लपवला आणि शेजारची दोन मुलं गेली, असं त्यात होतं. मी वहीच्या समासात लिहिलं, 'मूर्ख बाई'. तेव्हा मी कुणालाही पटकन मूर्ख ठरवायचे.

त्याच सप्टेंबरात माझा खोकला क्षयाचा निघाला. आरोग्य खात्याची नर्स कागद घेऊन समोर बसली. गेल्या काही महिन्यांत ज्यांच्याबरोबर तासन्‌तास बसलात, जेवलात, त्या सगळ्यांची नावं हवीत, म्हणाली. मी रूममेट सांगितली, गाइड सांगितले, वर्गातले सगळे सांगितले. जवळच्या सांता क्लारा गावातल्या काकूंचं घर तेवढं गाळलं.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. पण दर रविवारी चारपाच मराठी विद्यार्थ्यांना त्या जेवायला बोलवायच्या. मी खोकते म्हणून मला आल्याचा काढा पाजायच्या. त्यांची चार वर्षांची मुलगी माझ्या मांडीवरून हलायची नाही. नर्स त्यांच्या दारात गेली असती तर आठवड्याभरात सगळीकडे बोभाटा झाला असता, आणि माझा रविवार गेला असता. सांगायला लाज वाटते, पण कारण एवढंच. औषध सुरू झालंय, आता काय होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

जानेवारीत त्या मुलीला ताप भरला. मान वळेना. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. मी सप्टेंबरात बोलले असते तर तिची तपासणी झाली असती, आणि कदाचित नुसत्या प्रतिबंधक गोळ्यांवर भागलं असतं.

हॉस्पिटलमधून परतताना काकू माझ्या खोलीवर आल्या. त्या अवस्थेतही हातात डबा होता.

"ती नर्स सारखी विचारतेय, घरी कोण खोकत होतं," त्या म्हणाल्या. "मी कुणाचं नाव घेऊ गं? डेकेअरमधूनच आलं असणार काहीतरी."

मी चहाचं आधण ठेवायला वळले. परत पाहिलं तर खिडकीतली माझी गोळ्यांची रिकामी बाटली त्यांच्या हातात होती.

"ह्याच गोळ्या क्रश करून देतायत तिला," त्या म्हणाल्या. मग लेबलवरचं माझं नाव वाचलं, त्याखालची तारीख वाचली.

"सप्टेंबरपासून माहीत होतं तुला?"

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली जागेवर ठेवली आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

"लाव त्या नर्सला. रविवारी माझ्याकडे कोण कोण असायचं, ते मी सांगते."

मी नंबर फिरवला. काकूंनी रिसीव्हर घेतला आणि आधी स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला. मग एकेक नाव, स्पेलिंगसकट. डबा टेबलावर तसाच राहिला.

मुलगी वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले. काकूंनी मला पुन्हा बोलावलं नाही, आणि माझीही जायची हिंमत झाली नाही.