शेवटच्या अक्षरापुढचं रिकामं घर

ठाण्याला, कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघीच. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. एसी कॉम्प्युटरसाठी होता, आमच्यासाठी नव्हे, त्यामुळे मे महिन्यातही आम्ही स्वेटर घालून बसायचो. बाकीची माणसं चपला बाहेर काढून आत यायची आणि काम झालं की पळायची. आम्हा दोघींत ती सीनियर. दिवसभर बोलायला मला तीच होती. संध्याकाळी वर्तकनगरच्या भाड्याच्या खोलीवर गेलं की दाराला कुलूप. आणि तिचं लग्न अमेरिकेतल्या मुलाशी ठरलं होतं. ती गेल्यावर डबा कोणाबरोबर खायचा, या विचाराने माझा घास उतरत नसे.

जाण्याआधी तिने सगळं काम माझ्या गळ्यात घालायला घेतलं. पिंपांवरच्या लेबलांचा प्रोग्राम मी लिहिलेला. त्यात प्रत्येक रंगाच्या नावाचं शेवटचं अक्षर गळत होतं. तिने प्रिंटरच्या रद्दी कागदावर पट्टीने चौकोन आखले, एकेकात एकेक अक्षर, शेवटी एक रिकामा. पहिल्यावर डब्यातला शेंगदाणा ठेवला.

"हा इटरेटर, प्रोग्रामचं अक्षरांवरून फिरणारं बोट समज. एकेक घर पुढे सरकतो. एंड म्हणजे शेवटचं अक्षर नाही गं, त्याच्या पुढचं रिकामं घर. तिथे पोचलीस की थांबायचं, आत बघायचं नाही. तू एक घर आधीच थांबतेयस."

मला कळलं. लेबलं नीट छापली गेली. तरी दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा चौकोन आखले. मग रोजच. माझं डोकं फिरलं. एक तर ही मला सोडून चाललेली, वर मला ढ समजते! शेवटच्या दिवशी तिने पुन्हा पट्टी उचलली, तेव्हा मी तडकलेच.

"कळलं गं बाई! किती वेळा सांगशील? तिकडे जाऊन गोऱ्यांना शिकव."

"तिकडे मला नोकरी करता येणार नाही. नवऱ्याच्या व्हिसावर चाललेय ना, त्यावर काम चालत नाही."

हे मला माहीतच नव्हतं. एकटेपणाचा मक्ता मी माझ्याकडेच घेऊन बसले होते.

"मग घरी काय म्हणतात?"

"आई म्हणते, बरंच झालं, आराम कर." तिने पट्टी खाली ठेवली. "हे सगळं आता परत कोणाला सांगणार गं मी?"

बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"सांग," मी म्हटलं. "मला नाही कळलेलं."