सरांची चिठ्ठी

कॉलेजातल्या खेळाच्या खोलीची किल्ली ज्या शिपाईमामांकडे होती, ते बॉल देताना दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघायचे आणि परत घेतानाही दाबायचे, जणू आम्ही त्यातली हवा घरी नेणार होतो. सरांच्या सहीची चिठ्ठी नसेल, तर बॉल मिळायचाच नाही.

दुष्काळाच्या वर्षी आमचे बास्केटबॉलचे सर एका सहकारी साखर कारखान्याच्या शाळेत नोकरीला गेले. चिठ्ठी द्यायला कुणी उरलंच नाही.

"मामा, कशाला अडवता? सर गेलेत, चिठ्ठी आणायची कुठून?"

"त्येला मी काय करू? नियम हाय."

मग बास्केटबॉलची टीम महिनाभर नुसती पळत राहिली. प्यायलाच टँकरचं पाणी, तर मैदानावर कोण शिंपडणार? तोंडात धूळ जायची. नवा कॅप्टन निवडायचं निघालं, की कुणीतरी म्हणायचं, सर आल्यावर बघू.

एका शनिवारी सर खरंच भेटायला आले. आमची रड ऐकून त्यांनी तिथंच चिठ्ठी लिहिली. मामांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि परत त्यांच्याच हातात दिली.

"सर, तुमी आता हितले न्हाई. तुमची सही कशी चालंल?"

मला त्या माणसाचा अजूनही राग येतो. मामांनी आतून खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली.

"बसा. पाव्हण्यानं उभं ऱ्हाऊ न्हाई."

त्या मैदानावर सर कधीच बसले नव्हते. त्या दिवशी बसले.