दिग्रसमधला एस

आमच्या मावसाजींइतकी इंग्रजी भाषा साऱ्या जिल्ह्यात कुणी चाळली नसेल आणि त्यांच्याइतकी कमी कुणाला आलीही नसेल. हे मी अधिकाराने सांगते, कारण मी बी.ए. आहे; आमच्या घराण्यातली पहिली. (हेही मी न विचारता सांगत असते.) मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सारी नोकरी त्यांनी दिग्रसच्या बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारण्यात काढली. मॅट्रिकला इंग्रजीने त्यांना पाडलं होतं. त्याचा सूड म्हणून की काय, गाडीला उशीर झाला की ते जाडजूड डिक्शनरी उघडत आणि समोरच्या प्रवाशाला नाव विचारत. नावाचं इंग्रजी स्पेलिंग करायचं आणि त्यातली सगळी अक्षरं, मागेपुढे कशीही का असेनात, पोटात घेणारा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा, असा तो खेळ. प्रवासी बिचारा उमरखेडला निघालेला असायचा. एकदा तर एकाची गाडी खुद्द मावसाजींनीच पुकारली, ती निघूनही गेली, आणि हे त्याला म्हणाले, "बसा हो भाऊ, तुमचा झेड बाकी हाये अजून."

शब्दाच्या अर्थाशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. "अर्थ मंग पाहू, पह्यले अक्षरं," हे त्यांचं ब्रीद. मावशी भाकरी थापता थापता म्हणायची की, पोरगी पाहायला जातानाही तुम्ही असंच केलं असेल. त्यावर ते मान डोलवायचे. माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी नव्या नवरीला, राणीवहिनीला, भरमांडवात आहेर म्हणून शब्द दिला: ऑर्डिनरी. आर, ए, एन, आय, सगळी अक्षरं त्यात होती. वहिनीच्या माहेरचे गोरेमोरे झाले. या शब्दाचा अर्थ मात्र मावसाजींना पाठ होता. आयुष्यभर ऑर्डिनरी गाड्याच तर पुकारल्या होत्या. ते शांतपणे म्हणाले, "अहो, ऑर्डिनरी गाडी हर गावात थांबते, हात दाखवला त्याले घेते. यात वाईट काय हाये?" राणीवहिनी तेवढी पदराआड हसली. तेव्हापासून त्या दोघांचं गूळपीठ.

पण एक दिवस अक्षरांनी त्यांना दगा दिला. आमच्या वस्तीतल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी माइक मागून घेतला आणि फलाटावरच्या आवाजात जाहीर केलं की, आपल्या दिग्रसची सगळी अक्षरं एका भारी शब्दात बसतात. डी, आय, जी, आर, ए, एस. शब्द: डिसग्रेसफुल. टाळ्या पडल्या. मंचावर बसलेल्या इंग्रजीच्या सरांना राहवलं नाही. त्यांनी अर्थ सांगितला, लाजिरवाणा. त्यानंतर जो हशा उठला, तो पुढची कित्येक वर्षं बसला नाही. मावसाजी भाजी घ्यायला गेले की लोक म्हणायचे, "जय भीम, डिसग्रेसफुल साहेब." ते जय भीम घालायचे आणि खाली मान घालून वांगी निवडायचे. लोक आपल्याला हसतात, याचं त्यांना काही नव्हतं. ज्या गावाचं नाव आयुष्यभर पुकारलं, त्याला आपण काळं फासलं, हे त्यांना लागलं होतं. त्यांचा नियम असा की, शब्दाला कापायचं तर तेवढाच लांब शब्द पाहिजे. तेव्हा डिसग्रेसफुलच्या तोडीचा एखादा चांगला शब्द शोधायचा त्यांनी ध्यास घेतला. सापडला तो डिसरिगार्ड, तोही दोन अक्षरांनी आखूड. म्हणजे हेळसांड. मावशीने कपाळाला हात लावला.

मी पदवीधर झाले आणि पेढे घेऊन गेले, तर मावसाजींनी पेढा हातातच धरून ठेवला. फरशीवर खडूने ग्रॅज्युएशनचं स्पेलिंग लिहिलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. डी सापडला, आय, जी, आर, ए सापडले. मग बोट थांबलं.

"एस नाही ना बाई याच्यात."

मी म्हटलं, "मावसाजी, घराण्यातली पहिली पदवी आहे. एसचं काय घेऊन बसलात?"

"तू एकटीच हायेस ना. एकीले एस लागत नाही इंग्रजीत. दोघी झाल्या का लागते. मंग दिग्रस बसते त्याच्यात, अन् त्या डिसग्रेसफुलच्या बरोबरीचंही होते, अकरा अक्षरी."

मला राग आला. राणीवहिनी तिथेच चहा गाळत होती. त्याच वर्षी, दोन लेकरांची आई, तिने मुक्त विद्यापीठात नाव घातलं.

यंदा तिचा निकाल लागला; तीही पदवीधर झाली. मावसाजी आता खाटेवरच असतात, नजर अधू झालीये. आम्ही दोघी गेलो. मी त्यांच्या कानाशी ग्रॅज्युएशन्स हा शब्द सांगितला, शेवटच्या एससकट. मला वाटलं, लगेच पुकारतील. पण ते म्हणाले, "डिक्शनरी काढ. पह्यले अर्थ पाह्य."

साऱ्यांना ठाऊक असलेला अर्थ मी मोठ्याने वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग मावशीच्या आधाराने उठून बसले, घसा खाकरला आणि दिग्रसचा नवा शब्द पुकारला. पूर्वी त्या आवाजाने दिग्रसचा अख्खा फलाट उठून उभा राहायचा. आता तो खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या मला जेमतेम ऐकू आला.

राणीवहिनी पुकारा ऐकायला पार फाटकाशी जाऊन उभी होती. तिथून ती म्हणाली, "आलं ऐकू, मावसाजी."