विचारले तरच बोलणारे आतोबा

मंठ्यापासून जालन्यापर्यंतच्या साऱ्या मुलखात आमच्या आतोबांइतका निरुपद्रवी आणि त्याच वेळी इतका धास्ती घालणारा माणूस दुसरा झाला नसावा. 'नसावा' हे मी भीतभीतच लिहितो, आतोबा हयात असते, तर "सारा मुलूख तू कव्हा पाहून आलास?" असे त्यांनी मला तिथल्या तिथे विचारले असते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. अंगाने ताडमाड, आवाजाने खणखणीत आणि मनाने इतके स्वच्छ, की चारचौघांत आत्याला त्याची चिंता वाटे. खोटे बोलणे त्यांना जमत नसे, असे मी म्हणणार नाही. ते कधी करून पाहावे, हे त्यांना सुचलेच नव्हते.

मंठ्याच्या बाजारात बैल विकायला नेला, की त्याचे सारे दुर्गुण ते गिऱ्हाइकाला आधी ऐकवीत. बैल मारका असेल, तर कोणत्या शिंगाने मारतो, हेही सांगत, आणि गिऱ्हाईक काढता पाय घेई, तेव्हा बैलाच्या पाठीवर हात फिरवीत म्हणत, "बुरा मानू नको राजा. त्यानं इचारलं म्हणून सांगितलं." एकदा जालन्याच्या स्टेशनावर गर्दीत तिकीट परत द्यायचे राहून गेले. त्या तिकीटबाबूला शोधीत आतोबा बाजारभर हिंडले आणि एका हॉटेलात तो सापडल्यावर "साहेब, तुमची चीज माझ्यापाशी राह्यल्ती" म्हणून त्यांनी ते तिकीट त्याच्या हाती ठेवले. बाबूने गहिवरून त्यांना चहा पाजला. चहा कसा आहे, असे मात्र त्याने विचारायला नको होते. गावच्या सप्ताहात कीर्तन संपल्यावर बुवांनीही अशीच चूक केली. "आवडलं का, माउली?" या त्यांच्या प्रश्नावर आतोबा हात जोडून म्हणाले, "पूर्वरंगात डुलकी लागल्ती, महाराज. उत्तररंगात तर झोपच. पर झोप लई सुखाची लागली."

अशा माणसाच्या तोंडी माझे लग्न अडकले. मुलगी मी रामनवमीच्या गर्दीत जांबच्या देवळात एकदाच, तीही दुरून, पाहिली होती. आणि तिच्यावाचून दुसरी कोणी आपल्याला पसंत पडेल, असे मला तेव्हापासून वाटत नव्हते. घरात हे सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. दैवाने स्थळ तेच चालून आले, आणि मुलीच्या वडिलांनी आमचे घर पाहायला येण्याचा दिवस ठरवला.

आमच्याकडे असा दिवस ठरला, की सारे गाव आपल्या घरातली चांगली वस्तू त्या घरी आणून ठेवीत असे. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. पुढल्या खेपेला आपलीही वस्तू कोणाच्या तरी घरी जायचीच. तेव्हा दारात पाटलांची घोडी उभी राहिली, बैठकीत मारुतीच्या देवळातली सतरंजी पसरली, तिच्यावर शेजाऱ्यांचे तक्के आले, आणि माझ्या अंगावर तहसील कचेरीतल्या पेशकारांची शेरवानी चढली. आतोबांना त्या दिवशी दर्शनाच्या निमित्ताने गावाबाहेर धाडावे, असा बेत होता. पण घरचे जावई बैठकीत नसले, तर पाहुणे काय म्हणतील, असा पेच पडला. अखेर आत्याने त्यांच्याकडून वचन घेतले.

"कोणी इचारल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई."

"बिलकुल न्हाई," आतोबा म्हणाले.

पाहुणे आले, टेकून बसले, आणि समोरच बसलेल्या आतोबांना म्हणाले, "घोडी नामी हाय. कव्हा घेतली?"

माजघरात आत्याच्या बांगड्या जोरात वाजल्या.

"पाटलाची हाय. सांजच्याला परत न्यायची."

पाहुण्यांनी खाली हात फिरवला. "आन ही सतरंजी?"

"मारुतीची."

"तक्के?"

"शेजारच्यांचे. तुम्ही टेकून राह्यलात तो मागून उसवलाय. जरा जपून."

माझे वडील सतरंजीचे पट्टे निरखू लागले. पाहुण्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. "मंग या घरात तुमचं सोताचं काय हाय हो?"

"हे पोरगं," आतोबांनी माझ्याकडे बोट केले. "शेरवानी पेशकारसाहेबांची. आतलं पोरगं मातर आमचंच."

"पोरगं झूट तर बोलत न्हाई ना?"

"ते बोलतंच न्हाई. झूट कव्हा बोलंल?"

पाहुणे माझ्याकडे वळले. "काय हो, खरं का हे समदं?"

'नाही' म्हणावे, तर आतोबा खोटे पडत होते. 'हो' म्हणावे, तर जांबच्या देवळातली ती मुलगी गर्दीत कायमची नाहीशी होत होती. गळ्यापर्यंत लावलेल्या बटणांतून जेवढा आवाज निघाला, तेवढ्यात मी म्हणालो, "खरं आहे. ही शेरवानी काढू का? फार उकडतंय."

पाहुणे इतके हसले, की उसवलेल्या तक्क्यातून कापूस बाहेर आला. "काढा, जावईबापू, काढा! आन मी बी सांगून टाकतो. ज्या बैलांच्या दमणीतून आलो, ती माझी न्हाई."

"ठावं हाय," आतोबा शांतपणे म्हणाले. "तिचा मालक माझ्या वळखीचा हाय."

"आन तुम्ही बोलला न्हाईत?"

"तुम्ही कुठं इचारलं?"

सुपारी त्याच बैठकीत फुटली. मला मात्र त्या दिवशी आतोबा थोडे उमगले. त्यांचे खरे बोलणे नेहमी आपल्याच अंगणात झाडू मारी. दुसऱ्याच्या दारातला कचरा त्यांना दिसत असे, पण तो चव्हाट्यावर आणावा, असे त्यांना कधी वाटले नाही.

पुढे आतोबा गेले. निजामाचा अंमलही गेला. मध्यंतरी आम्ही दोघे आत्याला भेटायला गेलो, तेव्हा तिने चुलीपुढे बसवून पिठले-भाकरी वाढली. घास घेताच आम्ही सवयीने म्हणालो, "छान झालंय."

आत्या विस्तवाकडे पाहत राहिली. "समदे छानच म्हणत्यात रे. ते गेल्यापसून माझ्या हातचं कधी बिघडलंच न्हाई."

माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी आणखी एक घास घेतला.

"आत्या," मी म्हणालो, "मीठ जरा जास्त पडलंय."

तिने पदराने डोळे पुसले, आणि तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. "भाकर जास्त घे संगं," ती म्हणाली, "मंग बराबर लागंल."