भावोजींची तपासणी

आमचे जगदीशभावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सगळी नोकरी त्यांनी रसायनीच्या एका कंपनीच्या गेटवर काढली आणि निवृत्त होऊन पळसदरीला आले ते गेट सोबत घेऊनच. मला हा माणूस आवडत नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढचं काही गोड तोंडानं सांगता येणार नाही.

गेटवर त्यांचं काम एकच. शिफ्ट सुटली की कामगारांचे डबे उघडून बघायचे, कुणी तांब्याची तार, पितळेचा नट नेत नाही ना. काही सापडलं नाही पण संशय आला, तर अख्खा डबा ठेवून घ्यायचा. साहेबाची गाडी आली की मात्र दांडा वर आणि हात कपाळाला. हे सगळं ते अजून अभिमानानं सांगतात, तेही पंगतीत बसून. ज्यांचे डबे त्यांनी उघडले त्यात आमच्या गावचीही माणसं होती. ती माणसं आज समोरून आली तर रस्ता बदलतात. भावोजींना वाटतं, हा आपला दरारा.

मी घरी बसून बॅनर बनवते. वाढदिवस, हळद, बारसं, दिवसकार्य, जे येईल ते. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आहे. त्यावर फोटो कापायचे, अक्षरं मांडायची आणि तयार काम कर्जतला छपाईला पाठवायचं. गिऱ्हाईक फोटो आणतं ते पेनड्राइव्हवर, नाहीतर मोबाइलच्या कार्डात, आणि ते कुठकुठे फिरून आलेलं असतं देव जाणे. मागे एका डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि माझं सगळं काम दिसेनासं झालं. कर्जतचा मनोज आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं येऊन साफ केलं आणि मला समजावलं, "वहिनी, कॉम्प्युटरचा स्वतःचा रखवालदार असतो, तो कायम चालू ठेवा. जोडीला एखादा फुकटचा स्कॅनर घ्या. कधीमधी शंका आली की तो फिरवायचा, एवढंच."

माझ्यापुरता विषय तिथे संपला होता. पण भावोजी बाजूलाच बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्कॅनर निवडायला घेतला. कॉम्प्युटर माझा, काम माझं, आणि निवड यांची. कुठल्या देशाचा आहे, फुकट का देतात, फुकट देणाऱ्याच्या पोटात काय आहे. मी कामाला बसायला जावं तर खुर्चीत हे, आणि मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ मोठ्यानं लावलेला. एक स्कॅनर उतरवायचा, दोन दिवस ठेवायचा, नावं ठेवून काढून टाकायचा. एकानं कॉम्प्युटर इतका धीमा केला की एक फोटो उघडेपर्यंत माझा भात शिजायचा. दुसरा रोज शेकडो धोके सापडल्याचं सांगायचा आणि ते काढायचे पैसे मागायचा. त्याला भावोजींनी शिव्या घातल्या, पण काढताना त्यांचा जीव थोडा खालीवर झाला. इतके चोर पकडणारा त्यांना कुठेतरी आवडला होता.

शेवटी एक पसंत पडला. आपण बटण दाबल्याशिवाय तो हलत नसे, आणि तपासून झालं की हिरवी नाहीतर लाल ओळ दाखवायचा. खरं सांगायचं तर निवड वाईट नव्हती. मीही तोच घेतला असता. पण तो बसवला आणि भावोजींनी कॉम्प्युटरचा आपला रखवालदार बंद करून टाकला.

"एका गेटाव दोन एजन्सीचं वॉचमन ठेवलं का दोगंबी झोपत्यात," ते म्हणाले. "आमच्या कंपनीत झालेलं हाय."

"भावोजी, हा नवा बोलावल्याशिवाय येत नाय. दारात उभा ऱ्हाणारा तो पयलाच हाय. मनोजनं सांगितलेलं ना."

"दारात मी हाय ना गं."

तो रखवालदार आपला आपण परत चालू व्हायचा. भावोजी चहा पिऊन झाला की येऊन बंद करायचे. मी चालू करायचे, ते बंद करायचे. नवऱ्याला सांगितलं तर नवनाथ म्हणाला, "रिटायर माणूस हाय, कायतरी चाळा पायजे त्याला." मग गाडीला किक मारून तो खोपोलीला कामावर गेला. भावाला दुखवायचं नाही आणि बायकोचं ऐकल्यासारखं दाखवायचं, हे त्याला छान जमतं. त्याचाही मला रागच येतो.

अशात बुधवारी ठाकरवाडीतला शुक्रा आला. त्याची आई सुंदरा वारली होती आणि दिवसकार्याला त्याला तिचा बॅनर हवा होता. सुंदराला मी ओळखत होते. उन्हाळ्यात धरणावर शनिवार-रविवारची मंडळी यायची, त्यांना ती करवंदं विकायची. शुक्रानं मोबाइलमधलं कार्ड काढून दिलं. त्यात तिचा एकच फोटो होता, करवंदांच्या पाटीशेजारी बसून हसताना काढलेला. दुसरा फोटो आधारकार्डावरचा. तो बघून शुक्रा म्हणाला, "ह्यातली आमची आय नाय, वैनी."

भावोजींनी त्याला दारातच उभं केलं. कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "कुठं कुठं घातलंस रं हे? कुणाकुणाची गाणी भरलीस?" शुक्रा खाली बघत राहिला. स्कॅनर फिरला आणि एक लाल ओळ आली, कुठल्यातरी जुन्या गेमची. ती एक फाइल काढली की झालं असतं. मी फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि शुक्राला पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तोवर भावोजींनी अख्खं कार्ड पुसून टाकलं होतं.

"फोटो घेतलास ना तू? मंग झालं. संशयाचा माल ठेवायचा नसतो," ते म्हणाले.

शुक्रानं कार्ड खिशात घातलं आणि शनिवारी येतो म्हणून गेला. मी भावोजींना बोलले, पण पुरेसं बोलले नाही. फोटो माझ्याकडे सुखरूप होता, म्हणून राग गिळला.

शुक्रवारी दाराशी पांढरी गाडी लागली. कुंभिवलीचे प्रवीणशेठ, हायवेवर ज्यांचे टेंपो आणि धाबा आहे, ते स्वतः वाढदिवसाच्या बॅनरसाठी आले. भावोजी खुर्चीतून उठले, खुर्ची पुसली, शेठना बसवलं. शेठनी पेनड्राइव्ह पुढे केला आणि म्हणाले, "जगदीशकाका, शुभेच्छुकांत तुमचा बी फोटो टाकायचाय बरं का."

मी म्हटलं, "भावोजी, आधी स्कॅन करा."

"अगं, प्रवीणशेठचा हाय तो," भावोजी माझ्यावर डाफरले, आणि पेनड्राइव्ह लावून स्वतःच्या हातानं त्यातल्या फोटोंच्या फोल्डरवर दोनदा क्लिक केलं. तो फोल्डर नव्हताच, फोल्डरचं सोंग घेतलेला व्हायरस होता. रखवालदार चालू असता तर त्यानं कदाचित तिथेच धरला असता. तो त्या दिवशीही बंद होता. फोटो काही उघडले नाहीत. पुन्हा पाठवतो म्हणून शेठ गेले, भावोजी त्यांना गाडीपर्यंत सोडून आले, आणि तेवढ्यात माझ्या एकेका फाइलचं नाव बदलायला लागलं. मी वायर उपटली तेव्हा बहुतेक सगळं कुलूपबंद झालं होतं.

दर रविवारी मी सगळं काम वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवते, त्यामुळे जुनं वाचलं. गेला तो त्या आठवड्यातला माल. त्यात सुंदरा होती.

शनिवारी शुक्रा आला. मी तोंड उघडायच्या आत भावोजी ओटीवरूनच म्हणाले, "तुज्या कार्डानं घाण केली सगळी. म्हणून तपासत होतो."

"आसंल दादा," शुक्रा म्हणाला. "पन आयचा फोटो हाय ना?"

मी त्याला सगळं सांगितलं, भावोजींच्या समोर, त्यांच्याकडे बोट करून. कार्ड यांनी पुसलं, रखवालदार यांनी बंद केला, घाण शेठच्या पेनड्राइव्हमधून आली, आणि तो यांनी तपासला नाही कारण तो गाडीतून आला होता. भावोजी म्हणाले, "मोठ्या मानसाचा खिसा तपासत नसत्यात." माझ्यावर रागावूनसुद्धा नाही, नियम सांगावा तसं म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा जितका तिरस्कार वाटला तितका कधीच कुणाचा वाटला नव्हता.

मी मनोजला बोलावून घेतलं. त्यानं आधी कॉम्प्युटर साफ केला, मग शुक्राचं कार्ड लावलं. पुसलेल्या कार्डातून कधीकधी जुनं निघतं. पण मधल्या दिवसांत शुक्रानं रात्री लावायला भजनं भरली होती आणि फोटोच्या जागेवर ती बसली होती. मनोजनं दुपारभर खटपट केली तेव्हा वरची एक पट्टी निघाली. पिकलेले केस, मधला भांग, कपाळ, भुवया. त्याखाली सगळं करडं. हसणारं तोंड गेलं होतं.

शुक्रा पडद्याजवळ येऊन वाकला. "हीच. हाच टाक वैनी," तो म्हणाला.

भावोजी मागून डोकावले. "अर्धं तोंड लावत्यात का कुटं? लोक हसतील. आधारचा घे सरळ."

शुक्रानं मान वळवली आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "दादा, तुमी बाहेर व्हा."

भावोजी माझ्याकडे बघायला लागले, मी त्याला काहीतरी सुनवावं म्हणून. मी करड्या भागाखाली सुंदराचं नाव लिहायला घेतलं.