दुसऱ्या माथ्यावरची रुंद वाट

मानोऱ्याकडच्या आमच्या गावाहून आईचं माहेर बसनं गाठायचं, तर मंगरूळपीरवरून मोठा वळसा पडतो. पायी मात्र चार टेकड्यांची सलग धार आहे, आणि तिच्या पलीकडच्या पायथ्याशी माहेर. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा आई म्हणाली, "त्याच्या आधी एकडाव मले पायी जायचं हाय." भावानं डोक्याला हात लावला. मी छाती ठोकून म्हटलं, मी नेते. दरवर्षी सह्याद्रीतले गड चढणारी मी. या टेकड्यांची काय मिजास!

दिवाळी होऊन गेली होती, गवत वाळलं होतं. काठी टेकत आई दोन टेकड्या चढली. दुसऱ्या माथ्यावर दोन वाटा फुटल्या. एक रुंद, चांगली मळलेली. दुसरी कुसळांत जेमतेम दिसणारी. मी अर्थातच रुंद धरली. आई खडकावर टेकली. "तू पाहून ये. म्या बसते."

आता हिला पुढं चालवणार नाही, असं मला वाटलं. तरी तरातरा उतरले. वाट संपली ती थेट तळ्यावर. तिथं म्हशी डुंबत होत्या. घामाघूम होऊन परत वर आले, तर आई निवांत भाकरी-ठेचा खात बसलेली.

"भेटलं पाणी?"

"तुले माईत होतं?"

"मोठी वाट ढोराईची. ढोरं माथ्यावर कायले जातीन? त्याईले पाणी पायजे."

लग्नाआधी आईनं याच धारेवर गुरं राखली होती. हे मला माहीत होतं, आणि तरी वाट तिला विचारावी असं मला सुचलं नव्हतं. लाज वाटली.

"मंग सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं त ध्यानात राह्यलं असतं का? पुढच्या खेपेले म्या थोडीच येनार."

पुढच्या दोन टेकड्या ती पुढं आणि मी मागं. मामांनी पायथ्याशी जीप आणून उभी केली होती. आईनं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पायीच उंबरा ओलांडला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चढ कायमचा बंद केला. आता मी एकटी जाते. दुसऱ्या माथ्यावर रुंद वाट सोडून कुसळांत शिरते. मामांकडं पोचून फोन लावला, की खुशाली विचारायच्या आधी आई म्हणते, "पाण्यावर त नाई गेली?"