वनितासाठी मी पाहिलेल्या तीन संस्था

नवऱ्याला नाही, लेकीला नाही, वनिताच्या फोटोसमोर एकटी उभी असतानाही नाही — हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं — आता राहवत नाही.

वनिता माझी धाकटी बहीण. कुरुंद्याला दिलेली, हळदीच्या शेतकऱ्याच्या घरात. मी सेनगावला हायस्कूलवर इंग्रजी शिकवते. शिकले मी, नोकरी केली मी, आणि नशीब फळफळलं ते तिचं — असं मी कायम मनात धरून होते. दाजी तिला चारचौघांत 'वनू' म्हणायचे. ती धडधाकट असतानासुद्धा तिच्यासाठी चहा ठेवायचे! आमच्याकडे? मी तापानं फणफणले तरी 'स्वयंपाकाचं काय' एवढंच विचारतात. जळायचे मी. सख्ख्या बहिणीवर. तिच्याच हातचं धपाटं खात, हसत हसत जळायचे.

मग तिच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी हात टेकले. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. त्या दिवसांत दाजींनी मोबाईलवर कुठंतरी पाहिलं — परदेशात मेलेलं माणूस अतिथंड करून जपून ठेवतात, पुढं कधी इलाज निघाला तर उठवता येईल म्हणून. वनितालाही ते पटलं. तिला जगायचं होतं हो, दुसरं काय!

"आक्का, तुला इंग्रजी येतं. कोणती संस्था बराबर हाय, ते तूच पाह्य," ती म्हणाली.

दाजी म्हणाले, "आमी बेण्याची हळद सावलीत पाल्याखाली झाकून ठेवतो, तर लागवडीपर्यंत जित्ती ऱ्हाती. तसंच असंल की हे!"

मी शोधलं. मनापासून शोधलं — तिथवर माझ्यात खोट नव्हती. एक संस्था नुसतं डोकं ठेवायची; वाचूनच अंगावर काटा आला. दुसरी अख्खं शरीर ठेवायची, पण बाहेरच्या देशातलं माणूस घेत नव्हती. तिसरी घेत होती. तिथल्या माणसाशी मी फोनवर बोलले. माणूस सरळ होता. उठण्याची हमी कुणीच देत नाही, हे त्यानं आधीच सांगितलं. पण भारतातून घेऊ म्हणाला. फक्त तिनं शुद्धीत असताना स्वतः होकार द्यायला हवा, तोही लवकर.

फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? आनंद? — नाही. मला दिसलं ते असं, की मी म्हातारी होणार, दात पडणार, मरणार आणि विसरली जाणार. आणि ही? ही एक दिवस चाळिशीच्या आतलीच, तशीच गोरीगोमटी उठून बसणार. तिच्यासाठी नवरा वावर विकायला निघाला होता. माझ्यासाठी कुणी बर्फाचा खडा तरी आणला असता का?

दुसऱ्या दिवशी कुरुंद्याला गेले. दोघांसमोर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तिन्ही पाहिल्या. आपल्याकडचं माणूस कुणीच घेत न्हाई. अन् दाजी, ते लोक अंगात औषध भरतेत. शिजवलेल्या हळदीला कधी कोंब फुटतो का?"

हळद पिकवणाऱ्याला याहून पक्कं काय सांगणार? दाजींनी मान खाली घातली. पुन्हा तो विषय काढला नाही त्यांनी. वनितानं माझा हात हातात घेतला. "लई तकलीफ दिली तुला, आक्का," म्हणाली. मी तिचे केस सारखे करत बसले.

महिनाभरात ती गेली. शेताच्या कडेला अग्नी दिला. मोठ्या बहिणीनं फार केलं तिचं, असं लोक म्हणाले, आणि मी ते ऐकून घेतलं.

ती खरंच उठली असती का? बहुतेक नाही. पण हे शहाणपण मला फार नंतर सुचलं. त्या दिवशी, तिच्या उशाशी बसले होते तेव्हा, ती उठेल याची मला पुरती खात्री होती. म्हणूनच तर खोटं बोलले.